बाळंतिणीचंही तोंड बघा

बाळाचं तोंड बघायला अख्खी आळी येते. झबली-टोपडी येतात, नाक कोणाच्या वळणावर गेलंय यावर वाद रंगतात. आईचं तोंड कोणी उघडून बघत नाही. चूळ भरताना ती लाल थुंकते आणि घरातली मोठी बाई सांगते, ‘बाळंतपणात व्हायचंच. ब्रश लावू नकोस, दात हलतील.’

हा सल्ला साफ चुकीचा आहे. मायेपोटी दिलेला असतो, म्हणून तो मोडणंही कठीण जातं.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतात. एरवी खपून गेला असता एवढासा दातांवरचा थरही मग हिरड्यांना सोसत नाही. त्या सुजतात, जरा लागलं की रक्त येतं. बाळ झालं, वार पडली, की ही संप्रेरकं काही दिवसांत उतरतात आणि सूजही हळूहळू ओसरायला लागते. पण दातांवरचा थर वारेबरोबर पडत नाही. तो तसाच राहिला तर त्याचं कीटण होतं, हिरडीखाली शिरतं, आणि दात धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. चाळिशीत दात हलले की बाई म्हणते, ‘पोरांनी माझं कॅल्शियम खाल्लं.’ पोरांवर हा आळ नको. पोटातलं बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम घेत नाही.

सव्वा महिन्याची ती खोली आठवा. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, रात्री दोनला बाळाला पाजून झालं की पुन्हा लाडू. हे खाणं तिला हवंच. पण गुळाचा चिकटा दातांत तसाच ठेवून ती आडवी होते, कारण बाळ झोपलं तेवढीच तिची झोप. मालिशीला बाई येते, शेगडी पेटते, कानाला फडकं बांधलं जातं. तिनं दात घासावेत म्हणून दोन मिनिटं बाळ धरायला कोणी नसतं.

‘हिरड्या घट्ट होतात’ म्हणून तिच्यापुढे मिश्रीची डबी सरकवणारी घरं अजून आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्या खराब करते आणि तिच्यातलं निकोटीन आईच्या दुधात उतरतं. ती डबी आजच फेकून द्या.

मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेपर्यंत. रक्त येतं म्हणून थांबायचं नाही. नीट घासलं की आठ-पंधरा दिवसांत ते कमी होतं. नाही झालं तर दातांचा डॉक्टर गाठायचा. अंगावर पाजत असताना कीटण काढून घेता येतं, भुलीचं इंजेक्शनही चालतं. फक्त पाजतेय हे आधी सांगायचं, म्हणजे औषध त्या बेतानं मिळतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ४२ दिवसांत आशाताईच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. एका भेटीत हिरड्यांचंही सांगा.

आणि पुढच्या खेपेला बाळ बघायला जाल तेव्हा पाच मिनिटं त्याला मांडीवर घ्या आणि त्याच्या आईला दात घासायला पाठवा.