रा. रा. बेक्ड बीन्स यांस अनावृत पत्र

रा. रा. बेक्ड बीन्स यांसी,
मु. पो. डबाबंद मालाचा कप्पा, खालून दुसरी फळी, कोणतंही ब्रिटिश सुपरमार्केट.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या डब्याच्या पाठीवरची सूचना परवा चष्मा लावून नीट वाचली. पातेल्यात ओता, मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळत गरम करा. उकळू नका, फार शिजवू नका, चव बिघडेल. उकळीला भिणारी उसळ मी आजवर पाहिली नव्हती. आमच्याकडे पाहुण्यांची गाडी लेट झाली की मटकी तासभर गॅसवर रटरटत राहते आणि वाढताना उलट जास्तच चांगली लागते. तुमची चव इतकी नाजूक असेल, तर ती नक्की आहे तरी कुठे, एवढं विचारावं म्हणून हे पत्र.

रागावू नका. तुमच्या घराण्याबद्दल मला आदरच आहे. १८८६ साली पिट्सबर्गचे हेन्री हाइन्झ आपला माल घेऊन लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये शिरले आणि इंग्लंडशी त्या घराची सोयरीक जुळली. सुरुवातीला तुम्ही उंची दुकानात मिळणारी परदेशी चीज होता. आता महिनाअखेरीला विद्यार्थ्याच्या खोलीत सिंकच्या कडेला उघडे पडलेले असता. मधल्या काळात, १९२८पासून, तुम्ही लंडनच्या हार्लेस्डनमध्ये तयार होऊ लागलात. महायुद्धातल्या रेशनिंगमध्ये डब्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा गेला. शाकाहाऱ्यांच्या पदरात त्या युद्धातून एवढंच पडलं. १९५९मध्ये विगनजवळच्या किट ग्रीन कारखान्याचं उद्घाटन खुद्द राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते झालं. तिथून रोज सुमारे तीस लाख डबे बाहेर पडतात. उसळीच्या नशिबी असा राजयोग कोल्हापुरातही नाही! १९६७मध्ये तर 'द हू' बँडच्या रॉजर डाल्ट्री यांनी रेकॉर्डच्या कव्हरसाठी टबभर बीन्समध्ये बसून फोटो काढून घेतला. बीन्स फ्रीजमधून काढलेले, गारठलेले. त्यापायी आपल्याला न्यूमोनिया झाला, असं ते सांगत आले आहेत. कुणीतरी आधी गरम करायला हवे होते. उकळी न येऊ देता, अर्थातच.

तुमची खरी अडचण जन्मापासूनची आहे. न्यू इंग्लंडमधले तुमचे पूर्वज खरोखर भट्टीत शिजायचे. रविवारी प्युरिटन घरांत स्वयंपाक निषिद्ध, म्हणून शनिवारीच मातीच्या भांड्यात बीन्स, खारवलेलं डुक्कर आणि मोलॅसिसची दाट काळी काकवी भरून भांडं भट्टीत सरकवायचं. रात्रभर धगीवर राहून ती काकवी दाण्यात मुरायची. तुम्ही मात्र ओव्हनचं तोंड पाहिलेलं नाही. दाणे गरम पाण्यातून काढून डब्यात भरायचे, वर सॉस ओतायचा, डबा सीलबंद करायचा आणि दाबाखालच्या वाफेत सगळं एकदम शिजवायचं. म्हणजे कुकरच की. कुकरला मी नावं ठेवणार नाही, माझा अर्धा संसार त्यावर झाला. पण कुकरमधून काढलेली मटकी कुणी थेट पानात वाढत नाही. शिट्ट्या झाल्या म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तुम्ही आमच्यावर सोडलंत, आणि वर ते करू नका म्हणून छापलंत.

आता निवडीचं बघू. नवख्या मराठी माणसानं फळीपुढे उभं राहून किंमत पाहण्याआधी डबा उलटा करावा आणि घटक वाचावेत. पहिलाच आकडा महत्त्वाचा : बीन्स किती टक्के? हाइन्झच्या साध्या डब्यावर तो ५१ आहे. म्हणजे ४१५ ग्रॅममध्ये जेमतेम निम्मे तुम्ही. बाकी टोमॅटो, पाणी, साखर, व्हिनेगर, कॉर्नफ्लोअर. आकडा पन्नासच्या बराच खाली घसरला की समजावं, पैसे पाण्याचे. एका स्वस्त डब्यात मला दाणे अक्षरशः शोधावे लागले होते. रस्सा मात्र एवढा, की पोळ्या बुडवून दोघांचं जेवण झालं असतं. तरी स्वस्त ते सगळं वाईट असंही नाही. दुकानांच्या स्वतःच्या नावाचे काही डबे नामवंतांच्या तोडीस तोड निघतात, म्हणून तर आकडा वाचायचा. शिवाय मी डबा कानाशी धरून हलवते. फार डुचमळला की परत फळीवर. शेजारची बाई बघते. बघू दे.

साखरेचं काय सांगावं! टोमॅटोची स्वतःची धरून १०० ग्रॅममध्ये साधारण चार-पाच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या डब्यात नऊ-दहा. उसळीत चिमूटभर गूळ आम्हीही घालतो, पण तो तिखटाला आवर घालायला. तुमच्यात आवरायला तिखट आहे कुठे? कमी साखरेचा डबा मिळाला तर तोच घ्यावा. मात्र काहींत साखर काढून दुसरंच काही गोड घालतात, आणि त्याची मागून येणारी चव फोडणीतही लपत नाही. अमेरिकेतल्या तुमच्या भाऊबंदांपुढे तर तुम्ही तिखट म्हणायचे : ब्राऊन शुगर, मोलॅसिस आणि पुष्कळदा बेकन. बुशच्या 'ओरिजिनल' डब्यात ते असतं. 'व्हेजिटेरियन' असं लिहिलेला त्यांचा डबा वेगळा मिळतो. न्यू जर्सीला नातवंडांकडे गेलेल्या आज्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि पौष्टिकपणाचा गर्वही जरा बेतानं बाळगा. इथली सरकारी आरोग्यसेवा तुमचे ८० ग्रॅम दिवसाच्या पाच फळं-भाज्यांपैकी एक म्हणून मोजते खरी, पण माणसानं डबेच्या डबे संपवले तरी ते एकच धरते.

उरलेलं अर्धं काम इंग्रजांनाही येतं, फक्त ते चारचौघांत बोलत नाहीत. जाणती माणसं पातेल्यात लोण्याचा गोळा टाकतात, भरड मिरी घालतात आणि तुमच्या सूचनेला न जुमानता दहा मिनिटं रस आटवतात. वरून चेडर किसतात. वूस्टर सॉसचे चार थेंबही टाकतात. त्यात बहुधा अँकोव्ही मासे असतात, तेव्हा चातुर्मासवाल्यांनी बाटली वाचून मगच हात लावावा. टोस्टवर घ्यायचे असतील तर पाव कडक भाजायचा आणि लोणी पार काठापर्यंत लावायचं, म्हणजे रस पावात लगेच शिरत नाही. आणि बीन्स ओतायचे ते माणूस टेबलाशी येऊन बसल्यावर. हाकेला ओ देऊन वीस मिनिटांनी उगवणाऱ्यांना टोस्ट देऊच नये.

आमची रीत वेगळी. लोखंडी कढई नको, टोमॅटो आणि व्हिनेगरमुळे तिची चव उतरते. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं बरं. चमचाभर तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग हिंग, कढीपत्ता (फ्रीझरमधला चालतो) आणि बारीक चिरलेला कांदा. इथे घाई नको. कांदा गुलाबी होऊन भागत नाही. त्याच्या कडा तपकिरी पडेपर्यंत परतावा, त्या किंचित कडवटपणानंच तुमची गोडी ताळ्यावर येते. मग ठेचलेला लसूण, एखादी हिरवी मिरची, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. गोडा मसाला नको. दालचिनी-लवंगेनं गोडपणा आणखी पुढे सरसावतो. आता डबा ओतायचा, तळाशी चिकटलेलं दोन चमचे पाण्यानं विसळून तेही घालायचं आणि गॅस मोठा करायचा. आधी नुसता पचपचाट होतो, ओट्यावर केशरी ठिपके उडतात. थोड्या वेळानं बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात, डाव फिरवला की पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो, आणि कडेनं लालसर तेल सुटू लागतं. तिथे थांबायचं. ढवळायचं हलक्या हातानं, कारण दाणा कारखान्यातच मऊ पडलेला असतो; थोडेसे दाणे मुद्दाम ठेचले तर रस छान धरतो, सगळेच रगडले तर पिठलं होतं. मीठ चाखल्याशिवाय घालू नये, डब्यात पुरेसं असतं. गूळ तर नाहीच, आमसूलही नको. वर कोथिंबीर.

यावरच फरसाण उधळून 'बीन्स मिसळ' म्हणून वाढणारी मंडळी इथे आहेत. खायला बरी लागते, खोटं कशाला बोलू? पण तिला मिसळ म्हणू नये. मोड नाहीत, तर्री नाही. नुसत्या फरसाणावर नाव मिळत नसतं.

आणि एवढं हक्कानं बोलते, कारण तुम्ही परके नाहीत. तुमचा दाणा, आमचा राजमा आणि आमचा श्रावणघेवडा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच जातीचे, मूळचे सगळे अमेरिका खंडातले. त्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं सातारा जिल्ह्याच्या मातीत राहून नाव कमावलं. तुम्ही ब्रिटिश म्हणून मिरवता आणि दाणा अजून बहुतेक समुद्रापलीकडून, उत्तर अमेरिकेतून आणवता. वॉरिक विद्यापीठानं इंग्लंडच्या हवेत पिकेल असं 'कॅप्युलेट' नावाचं वाण काढलं आहे, लिंकनशायरच्या शेतात ते लावूनही पाहिलंय. भरघोस पिकलं तर आनंदच आहे. फोडणी तरीही लागेल.

तेव्हा विनंती एकच. साखर कमी कराल तेव्हा कराल, दाणे वाढवाल तेव्हा वाढवाल. तूर्त डब्यावरची ती 'उकळू नका'ची ओळ तेवढी काढून टाका. नवी पोरं घरापासून लांब येतात, जे छापलंय ते खरं मानतात, आणि पहिल्या हिवाळ्यात मिळमिळीत खाऊन आईला फोन करतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लेस्टरच्या एका स्वयंपाकघरातून

ता. क. : हे वाचकांसाठी. फुगलेला डबा फुकट मिळाला तरी घरी आणू नये. आणि उघडलेल्या डब्यात उरलेले बीन्स तसेच ठेवू नयेत; झाकणाच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दोन दिवसांत संपवावेत.