जॅग्वार आणि कुकर

"ताई, तुमच्या सासऱ्यांची धोतरं अजून आहेत का हो?"

सकाळी साडेसातची वेळ. मी पूजेला जास्वंदी काढत होते आणि भिंतीपलीकडून हा प्रश्न आला. मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची आठवण पहिल्यांदाच कुणी अशी धोतरावरून काढत होतं.

"असतील दोन ट्रंकेत. का हो वहिनी?"

"ह्यांना हवीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड पाहिजे म्हणे. टेरिकॉटनं ओरखडे येतात."

"कशाला?"

"कशाला म्हणून काय विचारता! सवतीला."

आमच्या गल्लीत वहिनींची सवत सगळ्यांना ठाऊक आहे. १९६२ ची जॅग्वार मार्क टू. २००८ साली टाटांनी जॅग्वार कंपनी घेतली. टाटांचा कारखाना आमच्या पिंपरीत, त्यामुळे इथे ज्याला त्याला जॅग्वार आपल्याच घरची वाटायला लागली. भाऊजी तर बँकेतून निवृत्त झालेले, पण त्यांनी ते फारच मनावर घेतलं. कुठल्याशा बागायतदाराच्या गोठ्यात ही गाडी सापडली, बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या. फंडाचे पैसे आले त्याच महिन्यात ती टेंपोवर चढून दारात आली. वहिनींनी तिला ओवाळलं नाही, आणि ते भाऊजींच्या अजून लक्षात आहे.

"दसऱ्याला बॉनेट उघडं ठेवून पूजा करायचीय," वहिनी म्हणाल्या. "आतलं सगळं आरशासारखं दिसलं पाहिजे. इंजिनावर दोन लांब झाकणं आहेत ना, ती."

ती झाकणं मी पाहिलीयत. जुळ्या भावांसारखी शेजारी शेजारी, खाली एकेक कॅमशाफ्ट. भाऊजींनी त्यांची कहाणी मला तीनदा सांगितलीय. महायुद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री आगीवर पहारा असायचा. मालक विल्यम लायन्स आणि हेन्स, हॅसन, बेली हे त्यांचे इंजिनियर त्या पहाऱ्यात बसून पुढच्या इंजिनाच्या गप्पा मारायचे. ते इंजिन १९४८ साली एक्सके १२० गाडीत बसून लंडनच्या प्रदर्शनात आलं आणि पुढे १९९२ पर्यंत बनत राहिलं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, आणि वर ही पॉलिश केलेली झाकणं. लायन्सचा हट्ट होता की इंजिन नुसतं चालून भागणार नाही, बॉनेट उघडल्यावर देखणंही दिसलं पाहिजे. ह्या बाबतीत तो आमच्या सासूबाईंच्या जातीचा. त्यांना फडताळातले डबेसुद्धा घासलेले लागायचे.

"मग अडलंय कुठे?"

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला टेकल्या. ही खूण झाली की मी परडी खाली ठेवते.

"कुणाला सांगू नका हं. मागच्या रविवारी ह्यांनी एक झाकण कॉस्टिक सोड्यात बुडवलं."

"अगंबाई!"

"साठ वर्षांचं तेलकट चिकटलेलं, निघता निघेना. मोरी तुंबल्यावर ओततो तो सोडा आणला, बादलीत कालवला, झाकण टाकलं आणि आत गेले पेपर वाचायला. मी कपडे वाळत घालत होते. बघते तर बादली खदखदतेय! चुलीवर नाही, काही नाही, आणि उकळी फुटलेली. ओरडले, तेव्हा धावत आले. बाहेर काढलं तर काळं ठिक्कर."

"वहिनी, कुकरला कुणी सोडा लावतं का हो?"

"तेच तर! मी म्हटलं, तीस वर्षं मी कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतेय, ती काय शोभेला? एकदा तरी विचारायचं!"

हे मी आमच्या ह्यांना चहाच्या वेळी सांगितलं. कुणाला सांगू नका असं वहिनी म्हणाल्या होत्या, पण नवरा कुणात धरत नाहीत. आमचे हे फाउंड्रीत बत्तीस वर्षं होते आणि बोलतात महिन्याला बत्तीस वाक्यं. पण धातूचा विषय निघाला की त्यांना वाचा फुटते. ते म्हणाले, अॅल्युमिनियमला हवा लागली की लगेच त्यावर स्वतःचीच एक साय धरते, डोळ्यांना न दिसण्याइतकी पातळ. तीच त्याचं चिलखत. ह्या सायीला फार आंबट चालत नाही आणि फार खारही चालत नाही. कॉस्टिकनं साय विरघळते, मग खालचा धातू विरघळायला लागतो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. बादली खदखदत होती ती त्यामुळे. "बंद न्हाणीघरात केलं असतं आणि गिझर पेटवला असता तर..." एवढं बोलून ते थांबले आणि बिस्किट बुडवून खाल्लं.

मी दुपारी धोतरं घेऊन पलीकडे गेले. भाऊजी पोर्चमध्ये पाटावर बसलेले, मांडीवर गोणपाट, त्यावर ते पोळलेलं झाकण, शेजारी पाण्याची परात. वॉटर पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं.

"या ताई. ऐकलं असेलच तुम्ही."

"काय ते?" मी म्हटलं.

"राहू दे. ह्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मग त्यांनीच समजावून सांगितलं, कारण सांगायला कुणीतरी हवंच होतं. आधी २४० नंबरचा कागद, मग ४००, मग ६००, ८००, शेवटी १०००. पहिला कागद आडवा चालवला तर दुसरा उभा. आधीच्या कागदाचे ओरखडे एकूण एक पुसले गेले की मगच पुढचा नंबर. घाई करून एक पायरी गाळली तर ते ओरखडे शेवटच्या चकाकीत उठून दिसतात, आणि मग परत पहिल्यापासून. ब्रश नायलॉनचाच वापरायचा. लोखंडी तारेच्या ब्रशाचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसाळ्यात गंजाचे तांबूस ठिपके उठतात. आणि आता तेल काढायला आधी रॉकेल, मग भांड्याचा साधा साबण. हे शेवटचं वाक्य त्यांनी वहिनींकडे न बघता म्हटलं.

"आणि दुसरं झाकण कुठाय?"

त्यावर वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "ते भोसरीला जाऊन आलं."

भोसरीत एक बफवाला आहे, स्टीलच्या भांड्यांना चकाकी देणारा. भाऊजींनी हौसेनं त्याच्याकडे एक झाकण नेलं. वीस मिनिटांत त्यानं ते असं चमकवून दिलं की भाऊजींना त्यात स्वतःचं टक्कल दिसलं. घरी आणून बसवलं, नट आवळले, इंजिन चालू केलं, आणि कडेनं तेलाचा ओघळ. झालं काय, की बफवाल्यानं वरच्या बाजूबरोबर खालची कडासुद्धा चाकावर धरली. गॅस्केट बसते ती जागा तंतोतंत सपाट हवी, ती ह्यानं लाडानं गोल करून ठेवली. वर, ज्या कापडी चाकावर सकाळी स्टीलचे डबे घासले त्याच चाकावर हे झाकण, म्हणून जवळून पाहिलं तर केसाएवढ्या रेघा. प्रत्येक धातूला आणि प्रत्येक पॉलिशला वेगळं चाक लागतं. ते घरी नवीन आणलेल्या बाळाच्या दुपट्यासारखं वेगळं ठेवावं लागतं.

मला विचाराल तर हातानं घासलेलंच जास्त देखणं दिसत होतं. बफचं झाकण स्टेनलेसच्या ताटासारखं भगभगीत. हाताच्या झाकणाला चांदीच्या जुन्या फुलपात्रासारखी थोडी दुधाळ झाक होती. वाळूच्या साच्यात ओतलेल्या धातूला बारीक छिद्रं असतातच, ती जाईपर्यंत घासत बसलात तर झाकण संपेल आणि छिद्रं उरतील. हे वाक्य आमच्या ह्यांचं.

"पण पॉलिश झाल्यावर टिकणार कसं हो?" मी विचारलं. "आपला पावसाळा चार महिने."

हा प्रश्न मी विचारायला नको होता. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला. लॅकर मारून पाहिलं होतं, वर्षभरात पिवळं पडलं, कडेनं सुटलं, आणि त्याखाली दमट हवा शिरून पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा धावल्या. ते सोलून काढायला घासण्याच्या दुप्पट वेळ गेला. गाडीचं मेण लावून बघितलं, पण कार्नोबाचं मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशाला वितळतं. इंजिन तापलं की पहिल्याच चक्करला ते वितळून पातळ होतं. अॅनोडायझिंग करावं तर ओतीव अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन असतं, चकाकी जाऊन राखाडी डाग येतात.

"मग उपाय काय?"

"धोतर," भाऊजी म्हणाले. "दर महिन्याला दहा मिनिटं. बोटांचे ठसे तर ताबडतोब पुसायचे, घामात मीठ असतं."

"म्हणजे दसऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "आधीच सांगून झालंय मला. हळदकुंकू रेडिएटरला, नाहीतर फडक्यावर."

आता ज्याच्यासाठी मी खरं तर गेले होते ते राहिलंच होतं. आमच्या ह्यांनी निघताना एकच वाक्य दिलं होतं, विचार त्याला, आत पाणी कुठलं घालतो.

"भाऊजी, रेडिएटरमध्ये कूलंट घालता ना?"

"कूलंट कशाला? ह्या गाड्या साध्या पाण्यावर साठ वर्षं चालल्या. आपलं बोअरचं आहे की."

मी ह्यांचंच सगळं पाठ म्हटलं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, मधून क्षारांचं पाणी. दोन धातू आणि त्यांच्यात खारं पाणी म्हणजे बॅटरीचा सेल झाला, आणि त्यात झिजणार ते अॅल्युमिनियमच. हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, एक दिवस पाणी तेलात उतरतं. कूलंटमध्ये ते थांबवणारी औषधं असतात, पण तीही दोन वर्षांत दमतात, तेव्हा बदलायचं. बोअरचं पाणी कधीच नाही, डिस्टिल्ड आणायचं.

भाऊजींनी हातातला कागद परातीत ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनींनी, अगदी साखर ढवळल्यासारखं सहज, म्हटलं, "वरून कीर्तन, आतून तमाशा."

मी धोतरं तिथेच ठेवून काढता पाय घेतला. नवराबायकोच्या मध्ये थांबू नये, विशेषतः मध्ये गाडी असेल तर.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेले तर पायाला ओलं लागलं. भिंतीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला एक भोक आहे, त्यातून चहापेक्षा गडद, गंजट पाणी थेट माझ्या जास्वंदीच्या आळ्यात येत होतं. पलीकडे खटपट चाललेली, आणि वहिनींचा आवाज, "अहो, बादली लावा म्हटलं ना खाली! ताईंची फुलं आहेत तिकडे!"

"बादली नाहीये," भाऊजी ओरडले.

"का नाहीये?"

"तिचा तळ गेलाय. कॉस्टिक कालवताना मी उलथन्यानं ढवळलं होतं."

थोडा वेळ शांतता. मग वहिनी भिंतीवरून डोकावल्या.

"ताई, उलथनं तुमचंच होतं हं."