फुकटात प्राग, पायी नगर

युरोपात फुकट काही मिळत नाही, हे नगरच्या सावेडीत मला जवळजवळ प्रत्येकाने बजावलं होतं. बजावणाऱ्यांतले बहुतेक जण मनमाड रोडने शिर्डीच्या पुढे गेलेले नव्हते, पण सावेडीत अनुभवावाचून कुणाचं अडत नाही.

मुलगा म्युनिकला असतो. तिथून प्राग बसने पाचेक तासांवर. निघताना त्याने हिला समजावलं, "आई, तिथे फ्री वॉकिंग टूर असते. जुन्या चौकात छत्री घेतलेला माणूस दिसला की त्याच्या मागे उभं राहायचं."

"आणि पैसे?"

"पैसे नाहीत. आवडलं तर शेवटी काय ते द्यायचं."

"म्हणजे कीर्तन," ही म्हणाली, आणि विषय संपला. पुढे प्रागमध्ये ती त्या गाइडला शेवटपर्यंत 'बुवा'च म्हणत होती.

बुवा पंचविशीचे, दाढीवाले, हातात पिवळी छत्री. बर्लिनमध्ये 2004च्या सुमारास या धंद्याने बाळसं धरलं. आता युरोपातल्या कुठल्याही जुन्या चौकात या छत्र्या दिसतात. सुरुवातीलाच बुवांनी सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. ही पदर सावरून पहिल्या रांगेत. रात्री मुलाने फोनवर खुलासा केला की तो फोटो कौतुकाचा नसतो, डोकी मोजायचा असतो. बऱ्याच ठिकाणी गाइडलाच कंपनीकडे माणशी पैसे भरावे लागतात. म्हणजे काही न देता सटकणारा माणूस नुसता फुकट हिंडत नाही, तो त्या पोराच्या खर्चाने हिंडतो.

पूर्वरंग चौकातल्या घड्याळापाशी झाला. घड्याळ 1410 सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांमागून बारा प्रेषित फिरत जातात, हाडांचा सापळा घंटा वाजवतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात सगळा कारभार आटोपतो. त्या मिनिटासाठी शेकडो माणसं माना वर करून उभी! बुवा म्हणाले, हे घड्याळ करणाऱ्या हानुश नावाच्या कारागिराचे डोळे नगरशेटांनी फोडले, दुसऱ्या गावाला त्याने असं घड्याळ करून देऊ नये म्हणून. हिने लगेच मला कोपरखळी मारली, "ताजमहालाच्या वेळी हात तोडले होते ना?" राज्यकर्त्यांना कारागिराचे आभार मानण्याची जगभर एकच तऱ्हा सुचलेली दिसते. मग बुवांनी आवाज खाली आणून सांगितलं, की घड्याळ मुळात कादान गावच्या मिकुलाशने केलं आणि डोळ्यांची गोष्ट मागाहून चिकटली. पण तोवर माणसं हळहळून झाली होती. खरी माहिती ऐकायला कुणी थांबलं नाही.

चार्ल्स पुलावर मात्र हिने प्रागला आपल्यात घेतलं. पुलाचा पहिला दगड 1357 साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटांनी बसवला म्हणतात. एक-तीन-पाच-सात-नऊ आणि पुन्हा उतरत एकपर्यंत. "मुहूर्त काढलाय हो!" ही इतक्या मोठ्याने म्हणाली की एका जपानी बाईने तिचा फोटो घेतला. चुन्यात घालायला राजाने गावोगावहून अंडी मागवली, तेव्हा वेल्वारी गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली, ही गोष्टही तिथलीच. असं गाव आपल्या तालुक्यात कुठलं, यावर आमची पूल संपेपर्यंत चर्चा झाली. एकमत झालं नाही, उमेदवार बरेच निघाले.

फुकट टूरला खर्च नाही म्हणतात, तो हिशेब अर्धाच आहे. चालून तहान लागते, पाणी विकत. प्यालेलं पाणी परत करायलाही दहा-वीस कोरुना. आणि शेवटी आरतीचं ताट. बुवांनी छत्री मिटली, हसले, म्हणाले, "टूर फ्री आहे, पण..." या 'पण'नंतर माणसं नोटा काढू लागली. मी शंभर कोरुनांची नोट, म्हणजे तेव्हाचे आपले साडेतीनशे-चारशे रुपये, आकडा आत राहील अशी घडी घालून दिली. बुवांनी अंगठ्याने एका क्षणात ती उलगडली. ही माझ्याकडे पाहत होती.

त्या पाहण्यामुळेच परत आल्यावर मी जाहीर केलं की नगरची वॉकिंग टूर मी काढणार, पायी आणि खरोखर फुकट. आपलं शहर काय कमी आहे? 1490 साली मलिक अहमदने वसवलं, ते थोड्याच वर्षांत बगदाद-कैरोच्या तोडीचं झालं असं जुन्या तवारिखा सांगतात. शेजारचे निवृत्त सर, त्यांच्या मिसेस, ही आणि मी असे प्रोफेसर कॉलनी चौकातून निघालो. छत्री माझ्या हातात, काळी, बिनपावसाची.

प्रागमध्ये चालणाऱ्याला पर्यटक म्हणतात. सावेडीचा माणूस पायी दिसला तर त्याच्यावर काहीतरी कोसळलंय असं धरतात. पहिल्या शंभर पावलांत एक स्कूटर थांबली. "काका, गाडी बंद पडली का?" दुसरा म्हणाला, "बसा, सोडतो." तिसऱ्याने माझी छत्री पाहिली, मागे गंभीर चेहऱ्याने चालणारे सर पाहिले आणि हळूच विचारलं, "कोणी गेलं का?" लालटाकीपर्यंत आम्ही इतक्यांना नकार दिला की मिसेस सर म्हणाल्या, एखाद्याला हो म्हटलं तर काय बिघडेल?

दिल्ली दरवाजा ओलांडला आणि टूर माझ्या हातातून सरांच्या हातात गेली. सरांचा विषय इतिहास. इथे पायी फिरायला आलेला युरोपियन आपल्याला ठाऊक आहे का, असं विचारून ते चितळे रोडच्या गर्दीत मधोमध उभे राहिले. 1803च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली आला. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा तोच. इंग्रजांच्या छावणीत गोखले नावाचा मराठा सरदार होता. त्याने म्हणे पुण्याला लिहून कळवलं, की ही माणसं अजब आहेत. सकाळी आली, गावाची तटबंदी पाहिली, तिच्यावरून चालत गेली, आतली शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत छावणीत! चार दिवसांत किल्लाही गेला. "टिप?" हिने विचारलं. सर म्हणाले, "आपणच दिली. सव्वाशे-दीडशे वर्षं देत होतो."

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र काढून तयारीने आत गेलो. सगळ्यात स्वस्तात नगर पाहिलं ते पंडित नेहरूंनी. ऑगस्ट 1942 ते मार्च 1945, राहणं-खाणं सरकारी. वल्लभभाई पटेल आणि मौलाना आझाद सोबतीला. या मुक्कामात नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं. हिंडायला मात्र तटाच्या आतच.

तटाशी सरांनी चांदबिबी काढली. 1595-96च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला, तर बाईने उभं राहून एका रात्रीत खिंडार बुजवून घेतलं. आमच्या गल्लीतला खड्डा आठवून आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प राहिलो.

किल्ल्याजवळची दमडी मशीद पाहून मात्र मी खूश झालो. 1567च्या सुमाराची. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी काढली आणि ती उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. दगडातलं कोरीवकाम बघत राहावं असं. "बघ," मी हिला म्हणालो, "थोडंथोडं देऊनही काम सुंदर होतं."

"ते दमडी मिळवणारे होते," ही म्हणाली. "तुम्ही पेन्शनर आहात."

परत चालत जायचा ठराव एकमताने फेटाळला गेला. रिक्षा मिळाली, आणि रिक्षावाला सरांच्याही वरचढ निघाला. डोंगरावरचा चांदबिबी महाल चांदबिबीचा नाहीच, तो सलाबतखानाचा मकबरा, हे त्याने पहिल्याच वळणावर निकालात काढलं. मग म्हणाला, "गोळे संपले ना काका, तर बाईने तोफांतून नाणी मारली. आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची. ते संपल्यावर दागिने."

सावेडी आली. भाडं किती विचारलं, तर तो हसून म्हणाला, "द्या की, समजून द्या."

मी पाकीट काढलं आणि सवयीने नोटेची घडी घालू लागलो.

"उलगडून द्या," ही म्हणाली. "बाई सोन्यापर्यंत गेली. तुम्ही कागदावर तरी या."