बसायचं कुठे? डिसेंबरात पुण्याला येणाऱ्या नवशिक्यांसाठी

ही पुस्तिका दहा-बारा वर्षांपूर्वी पुणं सोडून न्यू जर्सी, दुबई, लंडन नाहीतर बंगळूरला गेलेल्यांसाठी आहे. ही मंडळी दर डिसेंबरात ग्रुपवर मेसेज टाकतात, "येतोय रे, साधंसं कुठेतरी बसू." ते साधंसं ठिकाण शोधणं, माणसं जमवणं आणि शेवटी त्यांना घरी नेऊन सोडणं ही कामं इथे राहिलेल्यांच्या गळ्यात पडतात. यंदा ती तुम्हीच करा.

पायरी पहिली : तारीख

जागेच्या आधी तारीख. नवशिके इथेच घसरतात. पुण्यात दारू प्यायला जागा रग्गड आहेत, दिवस नाहीत. डिसेंबराचा एक आठवडा सवाई गंधर्व महोत्सवात जातो. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव आता मुकुंदनगरच्या मैदानावर भरतो. तुमचे निम्मे मित्र तिथे गाण्यासाठी जातात आणि निम्मे मांडवाबाहेरच्या स्टॉलवर खाण्यासाठी, पण फोन दोघेही उचलत नाहीत. मग शाळांची गॅदरिंग. ज्याच्याबरोबर तुम्ही लेक्चरं बुडवली तो आता मुलीला झाडाचा पोशाख मिळावा म्हणून ड्रेसवाल्याच्या रांगेत उभा असतो. लग्नाचे मुहूर्त वेगळेच.

यातून जे दिवस उरतात त्यांना वार असतात. गुरुवार मार्गशीर्षातला, म्हणजे घरात घट आणि बाहेर संयम. शनिवार एकाचा मारुतीचा. सोमवारी दुसरा शंकरासाठी शाकाहारी, आणि मंगळवारी नेमकी संकष्टी. बुधवारी सगळे मोकळे असतात, पण तुम्ही नसता, कारण त्या दिवशी तुमची चिंचवडच्या मावशीकडे पाठवणी झालेली असते.

पोल टाकू नका. पोलवर सगळे अंगठा दाखवतात आणि साडेसातला "यार, निघतोच आहे" लिहून आंघोळीला जातात. दोघांना थेट फोन करा. तिघं जमले की बैठक भरली असं धरा. चौथा आला तर आनंद, पाचव्याची खुर्ची मागू नका.

पायरी दुसरी : घरातून निघणं

आईने दुपारपासून भरली वांगी केलेली असतात. तिला "बाहेर जेवणार" असं आदल्या दिवशी सांगायचं असतं, संध्याकाळी सहाला नाही. कुठे जाताय हे तिला माहीत असतं, तुम्हाला माहीत असतं, आणि दोघांनीही "मित्रांबरोबर जेवायला" एवढंच बोलायचं असतं. वय पंचेचाळीस असलं तरी. निघताना वडील वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतील, "लॅचची किल्ली घेऊन जा." हा परवाना समजावा. पुढे प्रश्न विचारू नये, आणि किल्ली खरंच घ्यावी.

झोपेचंही बघा. अमेरिकेतून येणाऱ्याला पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी सातला पेंग येते आणि पहाटे तीनला टक्क जाग. पहिल्या आठवड्यात रात्रीची बैठक ठरवलीत तर तुम्ही मसाला पापडावर डोकं ठेवून झोपाल. त्या दिवसांत पहाटेचे कार्यक्रम करा, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी तिसरी : जागा

इथे दोन पंथ आहेत.

पूर्वेचा पंथ मायक्रोब्रुअरींचा. डूलालीने 2009 मध्ये पुण्यात हे खूळ सुरू केलं. आता मुंढव्याला इंडिपेंडन्स आहे, कल्याणीनगरला टॉइट, कोरेगाव पार्कात एफिंगट. बिअर खरोखर चांगली असते. छोट्या ग्लासांचा ट्रे येतो, वेटर प्रत्येक ग्लासाची कुळकथा सांगतो, आणि बेल्जियन विटमध्ये धने आणि संत्र्याची साल घातल्याचं कळतं. घरी गेल्यावर "धन्याचं पाणी प्यायलो" म्हणालात तर ते खोटं ठरणार नाही. अडचण एकच. गाणी इतकी मोठ्याने लागतात की वर्षभराने भेटलेल्या मित्राला तुम्ही फक्त "काय?" विचारत राहता. शिवाय ज्या शहरातून तुम्ही आलात तिथे असलीच जागा, असलेच उंच स्टूल आणि असलीच बिअर मिळते. त्यासाठी एवढा प्रवास कशाला?

पश्चिमेचा पंथ परमिट रूमचा. नाव सांगत नाही, प्रत्येकाच्या चौकात आपापली एक असते. पाटीवर "व्हेज-नॉनव्हेज, परमिट रूम व बिअर बार", आत ट्यूबलाइट, कोपऱ्यात हार घातलेला गणपती आणि आवाज बंद करून लावलेली मॅच. बसताक्षणी न मागता चार वाट्या येतात. खारे शेंगदाणे, पिवळ्या तळलेल्या नळ्या, चाट मसाला भुरभुरलेली काकडी, आणि चौथ्या वाटीत काय आहे हे आजवर कोणी ठामपणे सांगितलेलं नाही. लॅमिनेट केलेल्या मेन्यूत चीज-चेरी-पाइनॲपल अजून जिवंत आहे. वेटर बारीक बोलतो, ग्लासाकडे एकदा बघतो आणि विचारतो, "रिपीट?" याचं उत्तर मानेने द्यायचं. इथे कोणी तुम्हाला उठवत नाही, कोणी गाणं लावत नाही, आणि कॉलेजातल्या भांडणाचा निकाल लावायला पुरेशी शांतता असते. माझं मत याच पंथाला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमच्या टोळीत मैत्रिणी असतील तर हे मत मी मागे घेतो. बहुतेक परमिट रूममध्ये बाईमाणूस आलं की सगळ्या माना एकदम वळतात, आणि "वर फॅमिली सेक्शन आहे" असं सांगून जिन्याकडे बोट दाखवतात. मग मैत्रिणीच म्हणतात, ब्रुअरीत गोंगाट परवडला. त्या बरोबर असतात. मधला मार्ग कॅम्पात आहे. ईस्ट स्ट्रीटचं थाउजंड ओक्स जुनं आहे, तिथे बोलणंही ऐकू येतं आणि कोणी वळूनही बघत नाही.

कायद्याचं एका परिच्छेदात. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांना मिळतो, देशीचा दोनला. पंचवीस वर्षं तुम्ही बेकायदा पीत होतात हे ऐकून घाम पुसू नका, समोरच्यालाही पुसावा लागेल. बिअर-वाइनला वय 21, त्यापुढच्या सगळ्याला 25. म्हणून तेवीस वर्षांच्या भाच्याला आणलंत तर त्याच्यासमोर बिअर ठेवा आणि व्हिस्की तुमच्याकडे ओढा. सुट्टी जानेवारीपर्यंत लांबली तर 26 आणि 30 तारखेला कोरडा दिवस असतो.

पायरी चौथी : स्वेटर

पुण्यात डिसेंबरात रात्री दहा-बारा अंश असतात. तुम्ही अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात याल आणि "ही काय थंडी!" म्हणाल. मित्र कानटोपीत असतील. ते वाक्य गिळा.

पायरी पाचवी : बिल

दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी, त्यामुळे बडीशेपेच्या बशीखाली बऱ्याचदा दोन बिलं येतात. नवशिका एकच बघतो आणि "अरे, स्वस्त आहे!" म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे तो मनातल्या मनात डॉलर करतो आणि ओठ हलतात. सगळं बिल तुम्ही भरू नका, माज दिसतो. अजिबात न भरणं तर विचारूच नका. टीटीएमएम करा, म्हणजे तू तुझे मी माझे, आणि टिप तुमच्याकडून.

परतीबद्दल विनोद नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरात दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. पिऊन चालवताना सापडलात तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वनाज ते रामवाडी मेट्रो आता कल्याणीनगरला थांबते. शेवटची गाडी किती वाजता ते जाताना बघून ठेवा आणि ती चुकली तर रिक्षा करा. रिक्षावाला "मीटरने नाही" म्हणेल. त्याच्याशी मराठीत भांडा. सुट्टीतला हा कार्यक्रम फुकट आहे.

पायरी सहावी : दिवसाढवळ्या

पहाटे तीनला जागे झालात ना? साडेपाचला वेताळ टेकडी चढा. वर तुमचे शाळेतले सर भेटतील, ते तुमचा पगार विचारतील. उतरून गुडलकमध्ये बनमस्का आणि चहा घ्या, 1935 पासूनची जागा आहे. वैशालीत शनिवार-रविवारी जाऊ नका. दाराशी नाव लिहून ताटकळायला तुम्ही काही परदेशातून आलेला नाहीत. सिंहगड करायचा तर आडवारी. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही रविवारीही मिळतं, पण पार्किंग मिळत नाही.

कोणीतरी नाशिकचा वाइनरी-दौरा सुचवेल. सुला 1999 मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा बेत ठरतो आहे. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण चाकण ओलांडेपर्यंत तहान मरते. राहायचं असेल तरच निघा.

पायरी सातवी : 31 डिसेंबर

या रात्री बाहेर पडू नका. कालचीच जागा आज प्रवेशासाठीच काही हजार मागते, महात्मा गांधी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि परमिट रूममधला तो मितभाषी वेटरसुद्धा ओरडून बोलतो. कुणा मित्राने सोसायटीच्या गच्चीवर पावभाजीला बोलावलं तर जा. काय आणू विचाराल तर तो "काही नको" म्हणेल. बर्फ न्या. सातनंतर गल्लीत तो कुठेच मिळत नाही, आणि घरातले फ्रीजचे ट्रे दोन फेऱ्यांत संपतात.