जायरोच्या थापा

फुकोने 1852 साली पॅरिसमध्ये पृथ्वीचं फिरणं दाखवायला जायरोस्कोप वापरला, तेव्हा त्यात गरागरा फिरणारं चाक होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत एमपीयू-6050 नावाचा जो जायरो मिळतो, त्यात चाक नाहीच. जेमतेम 4 मिलिमीटरच्या चौकोनी चिपमध्ये सिलिकॉनचे सूक्ष्म तुकडे सतत थरथरत असतात. चिप वळली की कोरिऑलिस बल त्यांना बाजूला रेटतं आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो.

वेग, कोन नव्हे. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या रोबोटची सगळी फजिती इथे आहे. कोन हवा तर क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज करत बसायचं. आणि या बेट्याला टेबलावर गप्प ठेवलं, तरी तो म्हणतो, मी वळतोय! सेकंदाला एखाद-दुसरा अंशच. पण बेरीज चढत जाते आणि जागचा न हललेला रोबोट मिनिटभरात स्वतःच्या हिशेबाने आडवा झालेला असतो.

म्हणून सुरुवातीला त्याला काही सेकंद निश्चल ठेवायचं, त्याच्या थापांची सरासरी काढायची आणि ती पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायची. निश्चल ठेवणं हेच नांदत्या घरात कठीण. ‘टेबलाला कोणी हात लावू नका’ असं मी ओरडलो की नेमकी तिथेच कोथिंबीर निवडायची असते.

“अहो, हात कुठे लावलाय? जुडी ठेवली फक्त.”

जुडीचा धक्का चिपचे आकडे दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरवर लख्ख दिसतो. पण घरात पुरावा चालत नाही.

शिवाय चिप तापली की थापेचा आकडाही बदलतो. मग त्याच चिपमधल्या ॲक्सिलरोमीटरला मध्ये घ्यावं लागतं. त्याला गुरुत्वाकर्षण कळतं, खाली कुठे हे पक्कं ठाऊक असतं; मात्र मोटर सुरू झाल्या की तो सैरभैर होतो. तडजोड अशी: 98 टक्के जायरोचं ऐकायचं, 2 टक्के त्याचं. दुकान मुलाने चालवावं आणि गल्ल्याशेजारी बसलेल्या वडिलांनी अधूनमधून नुसतं खाकरावं, तसं. तेवढ्या खाकरण्यावर रोबोट ताठ उभा राहतो.

तोंड कुठे आहे, हे मात्र गुरुत्वाकर्षण सांगत नाही. त्यासाठी होकायंत्राची वेगळी चिप लागते आणि मोटरच्या चुंबकाशेजारी तिला मोटर हीच उत्तर दिशा वाटते. तूर्तास आमचा रोबोट ‘नाकासमोर बघ’ म्हटलं, की पूर्ण आत्मविश्वासाने हळूहळू फ्रिजकडे वळत जातो. घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.