सर्व्हरवाले भाऊ

नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं स्टेशन निडी. या पट्ट्यातले बरेच जण धाटाव एमआयडीसीत कामाला. कोणी बॉयलरवर, कोणी लॅबमध्ये, कोणी डिस्पॅचला. त्यांच्यातच एखादा असा असतो, की तो नेमकं काय करतो हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. कागदावर ‘आयटी एक्झिक्युटिव्ह’, कारखान्यात ‘सर्व्हरवाले भाऊ’. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा भाऊंना. हजेरीचं मशीन अंगठा घेईना, बोलवा भाऊंना. साहेबांच्या मुलीचा प्रोजेक्ट रंगीत छापायचाय, भाऊच.

पण भाऊंचा खरा जीव मेल सर्व्हरवर. तो सेंटओएस 7 वर चालतो. ही रेड हॅट लिनक्सची फुकट मिळणारी आवृत्ती 2014 साली आली आणि 30 जून 2024 ला तिची मुदत संपली. मुदत संपली म्हणून मशीन बंद पडत नाही, फक्त नव्याने सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळ मिळत नाही. भाऊंना हे पटत नाही.

“चालतंय ना? मग एक्सपायरी कसली? ते काय खोकल्याचं औषध आहे?”

मग कधीतरी ऑडिटवाला येतो आणि शेरा मारून जातो. शेऱ्यात तथ्य असतं. भाऊंच्या सर्व्हरवर मेल सांभाळणाऱ्या झिम्ब्रा या सॉफ्टवेअरमध्ये 2022 साली एक भगदाड सापडलं होतं. मेलसोबत आलेली फाईल तपासणीसाठी उघडायला ‘सीपीआयओ’ हे जुनं साधन वापरलं जाई, आणि त्याचा फायदा घेऊन परका माणूस सर्व्हरवर आपली फाईल ठेवून जाऊ शके. तात्पुरता उपाय अगदी किरकोळ: ‘पॅक्स’ नावाचं छोटं पॅकेज बसवायचं.

भाऊ ‘यम इन्स्टॉल पॅक्स’ टाइप करतात. मशीन म्हणतं, पत्ता सापडत नाही. सापडणार कसा? मुदतीनंतर, पॅकेजं कुठून घ्यायची हे सांगणाऱ्या सेंटओएसच्या मिररलिस्टचा पत्ताच बंद झाला आणि जुनी पॅकेजं ‘व्हॉल्ट’ नावाच्या जुन्या साठ्यात गेली. पण भाऊंचं पहिलं निदान ठरलेलं: “नेट गेलं.” राउटर बंद-चालू होतो. केबल बदलली जाते. अकाउंट्सच्या मॅडमना सांगितलं जातं, “मॅडम, जरा व्हिडिओ बंद ठेवा.” लॉग वाचणं हा शेवटचा उपाय.

शेवटी भाऊ रविवारी सरळ झिम्ब्राची नवी आवृत्ती चढवायला बसतात. डाउनलोड करतात ते रेड हॅट 8 साठी बांधलेलं पॅकेज, कारण 7 पेक्षा 8 कधीही चांगला. इन्स्टॉलर बिचारा सभ्य. तो सांगतो, की ही पॅकेजं या प्रणालीसाठी नाहीत, चालतील किंवा चालणारही नाहीत. तरीही बसवू का? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं. भाऊ मुद्दाम ‘वाय’ दाबतात. पॅकेज बसवणारा आरपीएम कुरकुरला, तर त्याला ‘नोडेप्स’, म्हणजे ‘सोबत काय लागतं ते बघू नको’, म्हणून गप्प करतात.

आता नवी पॅकेजं मागतात जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची 2.28 आवृत्ती, आणि सेंटओएस 7 कडे आहे 2.17. भाऊ म्हणतात, “एका फाईलचा तर प्रश्न आहे.” दुसऱ्या मशीनवरून ती आणून जुनीच्या जागी ठेवतात. लिनक्सच्या जवळजवळ सगळ्या आज्ञा याच फाईलवर उभ्या. त्यामुळे फाईलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’सुद्धा चालेनाशी होते. पडद्यावर त्याच त्याच चुकीची ओळ, आणि साहेबांचा फोन: “भाऊ, मेल कुठायत?”

“येतायत साहेब. रांगेत आहेत.”

एक मात्र मानावं लागेल. हात घालण्याआधी भाऊंनी झिम्ब्राचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलेला असतो, मेलसकट, सेटिंगसकट. रात्रभर बसून ते रेड हॅट 8 शी जुळणारं रॉकी लिनक्स 8 बसवतात, पॅकेज ज्या आकड्याचं त्याच आकड्याची प्रणाली. पहाटे जुने मेल जागेवर येतात. सोमवारी पर्चेस ऑर्डरी धडाधड पडू लागतात.

साहेब विचारतात, “आता किती वर्षं बघायला नको?”

“रॉकी 8 आहे, मे 2029 पर्यंत.”

“मग 30 साली बघू.”