नाणं उडालं ईडनवर, खापर आत्यावर

१३ मार्च १९९६ च्या रात्री आमच्या घरात एका बाईला पनवती ठरवलं गेलं. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना रंगला होता. श्रीलंकेच्या २५१ चा पाठलाग करताना आपण १ बाद ९८ वर होतो, सचिन ६५ वर. आत्या थालीपिठांचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि त्याच चेंडूवर जयसूर्याने त्याला चकवलं, यष्टिचित. मोठा चुलतभाऊ ओरडला, "आत्या, तू आधी आत जा बघू!"

ती गेली. त्यानंतर २२ धावांत आणखी सहा गडी गेले, ८ बाद १२० वर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. ते सहा गडी गेले तेव्हा आत्या स्वयंपाकघरातच होती. हे कुणीच मोजलं नाही. मीही नाही.

मोजायला हवं होतं, कारण मोजणं हा आत्याचाच छंद होता. कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे ती पेन्सिलीने स्कोअर मांडायची. कोण कसा बाद झाला, कुणाच्या चेंडूवर, कितव्या षटकात. त्या रात्रीनंतर ती सामना ऐकायची तो ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरवर. टीव्हीसमोर यायला तिला कुणी बंदी केली नव्हती. पुन्हा बोलावलंही नव्हतं.

त्या दिवशी नाणेफेक आपणच जिंकली होती. अझरुद्दीनने आधी क्षेत्ररक्षण घेतलं, संध्याकाळनंतर खेळपट्टीचा भुगा झाला आणि चेंडू हातभर वळू लागला. पराभवाचं कारण तिथे जमिनीत होतं. २००३ ची फायनलही तशीच: गांगुलीने नाणेफेक जिंकली, ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली आणि त्यांनी ३५९ ठोकल्या. उलट १९८३ आणि २०११, दोन्ही अंतिम सामन्यांत नाणेफेक हरून आपण कप आणला. दवाच्या रात्री ओला चेंडू हातातून सटकतो, तेव्हा नाणेफेकीला वजन असतं, हे मान्य. पण ते वजन मैदानावरचं. आमच्या दिवाणखान्यात कोण कुठे बसलंय, याच्याशी त्याचा काय संबंध?

तरीही कुणाला पुरावा हवा असेल तर हा घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या फायनलपासून भारताचा पुरुष संघ एकदिवसीय सामन्यांत सलग २० नाणेफेकी हरला. शेवटी ६ डिसेंबर २०२५ ला विशाखापट्टणमला के. एल. राहुलच्या बाजूने नाणं पडलं. ओळीने वीस वेळा हरण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक. नशीब रुसणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असणार! आणि याच काळात, २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, रोहितच्या संघाने पाचही नाणेफेकी गमावल्या आणि पाचही सामने जिंकले.

श्रद्धा पाळणाऱ्यांशी माझं भांडण नाही. स्टीव्ह वॉ खिशात लाल रुमाल ठेवायचा. पंच डेव्हिड शेफर्ड १११ चा आकडा लागला की एक पाय उचलायचे. रुमाल स्वतःचा, पायही स्वतःचाच. आपल्याकडे मात्र हौस आपली आणि पाय दुसऱ्याचे, तेही बहुतेक वेळा घरातल्या बाईचे. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द मराठी घरांनी नव्या सुनांवर फेकला, विधवांवर फेकला. क्रिकेटच्या नावाखाली आपण तोच शब्द जपून ठेवलाय. गंमत म्हणून म्हटला, तरी ताट हातात घेऊन परत फिरणारीला तो लागतोच.

२ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती. पावसाने खेळ उशिरा सुरू झाला आणि हरमनप्रीत नाणेफेक हरली. शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणं आलं. एकीचं दुर्दैव, दुसरीला संधी. नशीब म्हणायचं तर याला म्हणा. पण पुढच्या ८७ धावा आणि दोन बळी शफालीने स्वतः मिळवले.

त्या रात्री माझ्या मुलीने आत्याची खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर आणून ठेवली. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वुलफार्ट शतक करून खेळत होती, सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला, आणि आत्या पाणी प्यायला उठली. तेवढ्यात वुलफार्टचा फटका उंच उडाला, अमनजोतच्या हातात चेंडू नाचला, निसटला, पुन्हा नाचला आणि अखेर अडकला. घर दणाणलं. आत्या उठली म्हणून विकेट पडली, असं कुणी म्हटलं नाही. चांगल्याचं श्रेय तिच्या पायांना कधीच मिळालं नव्हतं. तिला ते नकोही होतं.

तिने हातातला पेला तसाच खाली ठेवला आणि माझ्या मुलीला विचारलं, "कितवं षटक गं? पेन्सिल दे आधी."